नर्मदेने आणलेला रेडिएटर

कुणकेश्वरच्या अलीकडे, जिथे रस्ता माडांमधून बाहेर पडून सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळपठाराकडे, चढायला लागतो, तिथल्या वाडीत कोणाचे आंबे तळेऱ्याला पोचवायचे असले किंवा कोणाच्या लग्नाची भांडीकुंडी आणायची असली, की लोक अजून म्हणतात, "बाळा कोयंड्याची गाडी सांग." गाडी बाळाची खरी. पण चालवते त्याची बायको, नर्मदा. पन्नाशीची, बारीक अंगाची, ओचा घट्ट खोचून गाडीत चढणारी. आरशाला तिने कधी फुलं लावली नाहीत की लिंबूमिरची बांधली नाही. सकाळी निघण्याआधी ती बॉनेट उघडते, तेल बघते, पाणी बघते, चारही चाकांना लाथ मारून बघते, आणि मग देवाला हात जोडते. क्रम हाच.

ही गाडी बाळाने मितेश, म्हणजे त्यांचा मुलगा, शाळेत जायला लागला त्या सुमारास घेतली होती. दोघांचा संसार तिच्यावर उभा राहिला. मितेश मुंबईला नोकरीला लागला, मुलगी दिव्या लग्न होऊन मालवणला गेली, सगळं या गाडीच्या जिवावर. मग एका सकाळी ताडपत्रीची दोरी आवळताना बाळाच्या उजव्या हातातून दोरी सुटली, आणि दोरीपाठोपाठ तोही खाली बसला. लकवा. जिवावरचं हातावर निभावलं. पण हात गेला तो गेलाच. पाय काठीवर आला आणि जीभ जड झाली. पुढे एकदा देवगडच्या एका दुकानात तो काही मागत असताना दुकानदाराला वाटलं, हा सकाळी सकाळी पिऊन आलाय. त्या दिवसापासून बाळा घराबाहेर बोलेनासा झाला. फोन वाजला तर उचलत नसे. पडवीतल्या खुर्चीत बसायचा, आणि खुर्ची अशी ठेवायचा की अंगणातली गाडी पाठीमागे राहील.

एक हंगाम पगारी ड्रायव्हर ठेवून पाहिला. तो गाडी अशी हाकायचा की वाडीतल्या कोंबड्यांनी रस्ता ओलांडायचं सोडलं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी इंजिनात ओतायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, पाणी ते पाणी. हंगाम संपल्यावर नर्मदेने त्याला नारळ दिला आणि स्वतः देवगडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन उभी राहिली. तिथल्या माणसाने विचारलं, "स्कुटीचा लायसन होया काय, काकी?"

"नाय. पिकअपचा."

तो हसला. लायसन हातात पडलं तेव्हा तोच चहा घेऊन आला.

यंदाच्या चैत्रातली गोष्ट. हापूसचा हंगाम भरात होता. शर्मिलाताई म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांची सड्यावर कलमं आहेत. त्यांच्या पेट्या तळेऱ्याला हायवेवर पोचवायच्या, तिथून पुढे मोठा ट्रक त्या नेतो. नर्मदा भरलेली गाडी घेऊन चालली होती. तळेरे जवळ आलं, शेवटचा लांब चढ लागला, आणि तापमानाचा काटा हलला. एरवी तो मध्यावर गप बसलेला असतो. आज वर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. नर्मदेने पुढचं वळण येईपर्यंतसुद्धा वाट पाहिली नाही. रस्त्याकडेला काजूची सावली होती, तिथे गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटखालून वाफ फसफसत होती. एक मोटारसायकलवाला थांबला आणि म्हणाला, झाकण उघडा, पाणी घाला.

"आता उघडलंय तर तोंड भाजात," ती म्हणाली. "गार होऊ दे."

आंबा मात्र गार व्हायची वाट बघत नाही. तळेऱ्याहून रिकामी परतणारी ओळखीची गाडी तिने हात करून थांबवली, पेट्या तिच्यात भरून परत हायवेला धाडल्या आणि मग शर्मिलाताईंना फोन केला.

"माल पोचतलो, ताई. माझी गाडी तापली. दोन-चार दिस तुमी दुसरी गाडी बघा."

"आणि मग?" शर्मिलाताईंनी विचारलं.

"मगे मी येतंय."

"नर्मदाताई, गाडी जुनी झाली आहे. उगाच जिवाला घोर नको."

"गाडी जुनी आसा, ताई. घोर नाय."

ऊन उतरल्यावर पाणी भरून, रिकामी गाडी उताराउताराने आणत, मध्ये थांबून पुन्हा पाणी पाजत, ती घरी पोचली.

दुसऱ्या सकाळी इंजिन थंड असताना तिने रेडिएटरचं झाकण काढलं, गाडी सुरू केली आणि आत वाकून बघत राहिली. इंजिनाचा आतला भाग फुटला असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. बुडबुडा एकही नव्हता. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल काळं, पण स्वच्छ, दुधाळ नाही. म्हणजे इंजिन शाबूत. मग तिने पुढची जाळी काढली आणि रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर बोट फिरवलं. बोटाखाली त्यांची हिरवट पूड झाली. समुद्राच्या वाऱ्याने बाहेरून खाल्लं होतं, मचूळ पाण्याने आतून. वारा जिथून जायचा ती वाटच उरली नव्हती, आणि खालच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

मितेशचा फोन आला. शर्मिलाताईंनी त्याला कळवलं असावं.

"आये, इकून टाक ती गाडी. किती दिस ओढशीत?"

"इंजिन बरां आसा. मी बघलंय."

"आज रेडिएटर, उद्या दुसरां कायतरी."

"उद्याचां उद्या बघू. डोळ्याक चष्मो लागलो म्हणान माणूस कोण इकता?"

मितेश हसला आणि म्हणाला, "बाबांका इचार." बाबा पडवीत बसून सगळं ऐकत होते. नर्मदा काही विचारायच्या आत बाळा भिंतीकडे बघत म्हणाला, "पितळी. गणपतकडे." आणि पुन्हा गप्प.

दोन शब्दच, पण त्यांत सगळं होतं. गणपत मेस्त्री कुडाळला औद्योगिक वसाहतीच्या बाहेर शेडमध्ये बसायचा. बाळाच्या रेडिएटरला त्याने कितीदा डाग दिला असेल त्याची गणती नाही. पितळी टाक्या, तांब्याची जाळी. गळलं तर डाग द्यावा आणि पुन्हा वापरावं, अशी बाळाची सगळी हयात गेली होती.

नर्मदेने पाना घेतला आणि जुना रेडिएटर स्वतःच उतरवला. उरलंसुरलं पाणी बादलीत काढलं, वरचा-खालचा रबरी पाइप सोडवला, पंख्याभोवतीचं आवरण बाजूला केलं, बाजूचे बोल्ट काढले. एक बोल्ट गंजून बसला होता. त्याला खोबरेल पाजून ती जेवून आली, तेव्हा तो निमूट निघाला. रेडिएटर गोणपाटात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी ती एसटीत बसली.

कंडक्टरने गोणपाटाला पाय लावून पाहिला. "ह्यां काय?"

"रेडिएटर."

"पाणी सांडात गाडीत."

"पाणी सांडान संपला, म्हणान तर घेऊन जातंय."

कुडाळला आठवड्याचा बाजार होता. भाजीच्या पाट्या, सुक्या मासळीचे ढीग आणि माणसांचे धक्के चुकवत, गोणपाट डोक्यावर घेऊन ती गणपतच्या शेडवर पोचली. गणपत म्हातारा झाला होता, पण बसायची जागा तीच. त्याने आधी बाळाची चौकशी केली, मग गोणपाट सोडलं. टाक्यांवर बोटाने टिचकी मारली, नळ्यांच्या तोंडातून उजेड पाहिला आणि आत साचलेला पांढरा थर खिळ्याने खरवडून तिला दाखवला.

"खारां पाणी. टाक्यो बऱ्यो आसत. जाळी संपली."

"नवी जाळी घालून देशात?"

"देतंय. पण जाळी हंय नाय गावाची. कोल्हापूरसून मागवूक होई. येय्पर्यंत तुझो आंबो संपात." त्याने जाळीवरून बोट फिरवलं. "आणि खरां सांगू? पयलीची जाळी जाड होती. आता येता ती पातळ. दर्यावर ती किती टिकात ता मी नाय सांगणंय."

"मगे तुमच्या घरची गाडी आसती तर काय केला असतास?"

गणपतने खिळा खाली ठेवला. असा प्रश्न विचारला की कारागिराला खोटं बोलता येत नाही. मग म्हणाला, सगळा ॲल्युमिनियमचा घेतला असता. प्लास्टिकच्या टाक्यांचा नव्हे. प्लास्टिक गाडीच्या हादऱ्यांनी तडकतं, आणि एकदा तडकलं की त्याला डाग नाही. टाक्यासुद्धा ॲल्युमिनियमच्या, वेल्डिंगने जोडलेल्या असतील असा बघायचा. दोन पथ्यं पाळायची. विहिरीचं पाणी पुन्हा कधी आत घालायचं नाही, इंजिन थंड ठेवणारं कुलंटच घालायचं. आणि खाडीकडून आलं की जाळीवर गोड्या पाण्याची धार धरायची, म्हणजे मीठ बसत नाही.

नर्मदेने बाळाला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. ती शेडच्या सावलीत क्षणभर उभी राहिली. बाळाचा शब्द पितळीचा होता. पण हा शब्द ज्या जाळीसाठी होता ती जाळी बाजारात उरली नव्हती, आणि गाडी चालवायची होती तिला. तिने पुन्हा फोन लावला नाही.

कुडाळातच प्रीतम नावाच्या पोराचं, आता त्याला पोर म्हणायचं नाही, चांगलं मोठं सुट्या भागांचं दुकान होतं. त्याने गाडीचं नाव ऐकताच एक खोका पुढे केला. नर्मदेने चटई मागितली. दुकानासमोर चटई पसरून तिने जुना रेडिएटर उताणा ठेवला आणि त्याच्या शेजारी नवा. खालच्या पाइपाचं तोंड नव्याला दुसऱ्या बाजूला होतं.

"ह्यो पुढच्या मॉडेलचो," ती म्हणाली.

"पाइप वायंच वाकवलास की बसता, मावशी."

"वाकवलेलो पाइप चढावर चिमटता. दुसरो दाखव."

दुसऱ्याला टाक्या प्लास्टिकच्या होत्या. तिसरा प्रीतमने माळ्यावरून काढला. सगळा ॲल्युमिनियमचा, टाक्यांच्या सांध्यांना जोड नीट भरलेला. तिने पाइपांची तोंडं जुळवली, बोल्टची भोकं जुळवली, झाकण कोणत्या बाजूला येतं ते पाहिलं. वितीने उंची, वितीने रुंदी. सगळं बरोबर. नवे रबरी पाइप, नव्या क्लिपा, नवं झाकण आणि कुलंटचा कॅनही तिने बरोबर घेतला. जुन्या पाइपांनी नवा रेडिएटर बांधणं म्हणजे नवऱ्या मुलाला फाटकी वहाण.

घरी पोचली तेव्हा बाळा पडवीत होता. तिने खोका त्याच्यासमोर उघडला. त्याने डाव्या हाताच्या नखाने टाकीवर वाजवून पाहिलं. आवाज पितळेचा नव्हता.

"पितळी नाय."

"नाय," ती म्हणाली, आणि गणपत काय बोलला ते सगळं सांगितलं. "तुमका फोन लावलो होतो. उचललास नाय. मगे मी ठरवलंय."

बाळाचा चेहरा पडला. रागावला असं नाही. त्याच्या गाडीचा एक निर्णय त्याच्यावाचून झाला होता, आणि त्याला कारण तो स्वतःच होता. हे तिलाही कळत होतं. तिने ताटं वाढली. दोघं जेवली.

सकाळी तिने काम काढलं. रेडिएटरच्या बैठकीखालचे जुने रबर काढून नवे ठेवले, नवा रेडिएटर वरून अलगद सोडला. तो न घासता खाली बसला, तेव्हा तिला मनातून बरं वाटलं. बोल्ट आधी हातानेच फिरवले, सगळे लागल्यावर पान्याने आवळले. पाइप चढवले, क्लिपा कसल्या. पंख्याभोवतीचं आवरण बसवताना जरा जोर लावावा लागला. कुलंट भरायच्या आधी पंखा मोकळा फिरतोय का बघावं म्हणून तिने किल्ली घ्यायला हात पुढे केला.

"थांब."

बाळा खुर्चीतून उठला होता. काठी टेकत तो अंगणात उतरला. एवढ्या दिवसांत तो गाडीच्या तोंडाशी पहिल्यांदाच आला होता. वाकून त्याने पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत डाव्या हाताचं बोट घातलं. बोट जेमतेम गेलं.

"जाड आसा," तो म्हणाला. "नवो. जुन्यापेक्षा."

नर्मदेने विती लावून सगळं मोजलं होतं. जाडी मोजायची राहिली होती. ती म्हणाली, "पण लागत नाय ना?"

"आता नाय. चढावर." त्याला शब्द सापडेना. मग त्याने शब्द सोडून दिले, काठी बंपरला टेकवली, डावा हात इंजिनावर ठेवला आणि अंगाचा भार टाकून ते पुढे ढकललं. इंजिन हललं. हलायला नको इतकं हललं, आणि पंख्याचं पातं चकचकीत नव्या जाळीला जवळजवळ शिवून मागे आलं.

नर्मदेला पुढचं दिसलं. भरलेल्या गाडीत चढावर क्लच सोडताना इंजिन असंच झुकलं असतं, आणि फिरत्या पंख्याने नवा रेडिएटर किसणीवर नारळ धरल्यासारखा किसून काढला असता.

"फाउंडेशन," बाळा म्हणाला. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं. "फुटलीत. जुन्याक कळला नाय, तो पातळ होतो."

"मी बघूक होया होता."

"मी सांगूक होया होता," बाळा म्हणाला. "माका कळलेला. हात जायच्या आधीच. गाडी गिअर बदलताना धक्को देय." एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. शब्द जड होते, पण नर्मदेला त्यातला एकही पुन्हा विचारावा लागला नाही.

रबरं देवगडला मिळाली. ती आणेपर्यंत बाळा अंगणातच होता. खुर्ची त्याने स्वतःच डाव्या हाताने ओढत गाडीसमोर आणली होती. मग काम दोघांचं झालं. नर्मदेने इंजिनाखाली लाकडाची फळी धरून जॅक लावला. बाळा म्हणाला, "वायंच. आणखी वायंच. बस." इंजिन बोटभर उचललं गेलं. ती गाडीखाली गेली, जुनी रबरं काढली. ती चुरमुऱ्याच्या लाडवासारखी हातात फुटली. नवी बसवताना बोल्ट भोकात शिरेना. ती खालून चिडून म्हणाली, "हां तुमचां इंजिन माझा ऐकना नाय."

"कोणाचा ऐकला तेणां?" बाळा वरून म्हणाला, आणि इंजिनाला खांदा लावून तसूभर सरकवलं. बोल्ट शिरला.

जॅक काढल्यावर पंखा आणि जाळीच्या मध्ये बाळाची दोन बोटं आरामात गेली. त्याने इंजिन पुन्हा ढकललं. आता ते जागचं हललं नाही.

कुलंट भरायला गाडी अंगणाच्या उतारावर तोंड वर करून उभी केली, म्हणजे आतली हवा वर येते. इंजिन सुरू ठेवून नर्मदा वरचा पाइप दाबत राहिली. बुडबुडे आले, पातळी खाली गेली, तिने पुन्हा भरलं. हवा सगळी निघाल्यावर झाकण लावलं. मग दोघं नुसती उभी राहिली. आधी वरचा पाइप तापला. बऱ्याच वेळाने खालचाही कोमट लागायला लागला, म्हणजे पाणी फिरतंय. सांधे कोरडे होते.

पण रिकाम्या गाडीची अंगणातली परीक्षा ही परीक्षा नव्हे, आणि दुसऱ्याच्या आंब्यावर परीक्षा घ्यायची नर्मदेची तयारी नव्हती. तिने शेजाऱ्यांकडून पाण्याची पिंपं गोळा केली आणि गाडीच्या हौद्यात रचून ती काठोकाठ भरली. शर्मिलाताईंनी सड्यावर नवी कलमं लावली होती, त्यांना पाणी हवंच होतं. भर दुपारी, कातळ तापलेला असताना, ती गाडीत चढली. शेजारचं दार उघडलं. बाळाने आधी काठी आत टाकली, मग डाव्या हाताने दांडी धरून स्वतःला वर खेचलं. तिने मदतीला हात दिला नाही. त्याला तो नको होता, हे तिला दिसत होतं.

सड्याचा चढ लागला. पिंपांतलं पाणी डुचमळत होतं. नर्मदेने गिअर उतरवला आणि गाडी एका चालीने वर घेतली. दोघांची नजर एकाच ठिकाणी होती. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. शेवटच्या वळणावर, जिथे रस्ता छातीवर येतो, तिथे तो केसभर वर गेला. वळण संपलं, वारा लागला, आणि काटा परत खाली आला.

"बरो आसा," बाळा म्हणाला. काट्यावरची नजर काढून म्हणाला, "पितळी नाय. पण बरो आसा."

वर शर्मिलाताई कलमांमध्ये उभ्या होत्या. बाळाला गाडीतून उतरताना बघून त्या पुढे आल्या. बाळा त्यांच्याशी बोलला. जड जिभेने, सावकाश, इंजिन कसं हलत होतं ते सगळं. त्यांनीही घाई केली नाही. नर्मदा तोवर पिंपांना नळी लावून कलमांच्या आळ्यांत पाणी सोडत होती.

"मग उद्यापासून पेट्या तुमच्याच गाडीत, नर्मदाताई?" जाताना त्यांनी विचारलं.

"सकाळीच येतंय."

हंगाम सरेपर्यंत गाडी रोज तळेऱ्याचा चढ चढली. खाडीकडून आली की नर्मदा जाळीवर गोड्या पाण्याची धार धरते आणि बाळा बाजूला उभा राहून कुठे मीठ राहिलंय ते काठीने दाखवतो. अलीकडे वाडीतले इतरही आपापल्या गाड्या घेऊन अंगणात येतात. परवा एकजण आला. त्याची गाडी तापत होती. बाळाने इंजिनाला हात लावून पाहिला, रबरं ठीक आहेत म्हणाला.

"रेडिएटर खंयचो घालू, बाळाकाकानू? पितळी की दुसरो?"

"ता माका इचारू नको," बाळा म्हणाला. "ता तिका इचार."

नर्मदा हौद्यात उभी राहून रिकाम्या पेट्या बांधत होती. तिने दोरीची गाठ पक्की केली, खाली उतरली आणि त्याच्या गाडीचं बॉनेट उघडायला सांगितलं.